गुन्ह्याचे गणित आणि हजेरीचा धडा

गॅस्ट्रोची साथ आली की आरोग्य विभाग नकाशा पुढ्यात घेतो. कोणत्या गल्लीत किती रुग्ण, पहिला रुग्ण कधी आला, पाण्याची लाइन कुठून गेली आहे, हे मांडले की साथीचे मूळ बऱ्याचदा हाती लागते. मग चोरी, मारामारी, खून यांचाही असाच नकाशा काढता येईल का? गरिबी, बेकारी, दारू, शिक्षण, घरातले वातावरण ही सगळी कारणे एका समीकरणात घालून पुढचा गुन्हा कुठे होणार, हे आधीच सांगता येईल का?

हा प्रश्न आता फक्त विद्यापीठातल्या अभ्यासकांचा राहिलेला नाही. पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये ‘मार्वल’ नावाची कंपनी स्थापन केली. नागपूरची आयआयएम तिच्यात सहभागी आहे. नोंदींचा ढीग चाळून गुन्ह्यांचे आकृतिबंध शोधणे, हे अशा यंत्रणांचे काम. तेव्हा या गणिताचे बळ कशात आहे आणि ते कुठे फसते, हे तुम्हा-आम्हालाही ठाऊक असायला हवे. कोल्हापूरकरांना तर ते लवकर पटावे. कारण गुन्हेगार कोण असणार याचा एक जुना, सरकारी ‘अंदाज’ या शहराच्या राजाने शंभर वर्षांपूर्वीच मोडीत काढला होता. तिकडे वळण्याआधी थोडे गणित पाहू.

आकड्यांतली शिस्त

फ्रान्समध्ये १८२० च्या दशकात देशभरातल्या फौजदारी खटल्यांची आकडेवारी नियमित छापली जाऊ लागली. ती वाचून आंद्रे-मिशेल गेरी हा वकील आणि अदोल्फ केतले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ असे दोघेही चकित झाले. प्रत्येक खून हा वेगळ्या माणसाने, वेगळ्या रागातून, वेगळ्या ठिकाणी केलेला. तरीही वर्षाकाठी खुनांचा आकडा जवळपास सारखाच! कोणता माणूस गुन्हा करील हे सांगता येत नाही. पण एका देशात वर्षभरात अंदाजे किती गुन्हे होतील, हे बरेच नेमके सांगता येते. पुरुष किती, स्त्रिया किती, कोणत्या वयाचे किती, हे प्रमाणही फारसे हलत नाही. तरुण पुरुषांत गुन्ह्याचे प्रमाण झपाट्याने वाढते आणि वय वाढेल तसे ओसरते, हे केतले यांनी १८३० च्या दशकात दाखवले. जगभर आजही आलेख साधारण असाच निघतो.

गेरी यांनी १८३३ मध्ये फ्रान्सचे गुन्ह्यांचे नकाशे छापले आणि एका लाडक्या समजुतीला धक्का दिला. अडाणीपणा जास्त तिथे गुन्हे जास्त, असे तेव्हा सगळेच म्हणत. नकाशात मात्र चोरीसारखे मालमत्तेचे गुन्हे तुलनेने सुखवस्तू आणि शिकलेल्या उत्तर भागात जास्त दिसले. याचा अर्थ शिक्षणाने माणूस चोर होतो, असा नाही. जिथे चोरण्यासारखे काही आहे आणि चोरीची तक्रार करणारे लोक आहेत, तिथे चोरीचा आकडा मोठा दिसतो. दोन गोष्टी नकाशावर एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. वैद्यकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला हा नियम शिकवतात आणि पुढे आयुष्यभर तो विसरण्याचा मोह होतो.

कोयनेचे धक्के आणि गल्लीतले भांडण

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा पश्चिम महाराष्ट्र हादरला. मोठ्या धक्क्यामागून छोटे धक्के येत राहिले. आधी भराभर, मग अंतराने. मोठ्या भूकंपानंतर धक्क्यांची संख्या कशी कमी होत जाते, याचे सूत्र जपानच्या ओमोरी यांनी १८९४ मध्येच मांडले होते. गंमत अशी, की याच सूत्राच्या वंशातले गणित २०११ मध्ये अमेरिकेत घरफोड्यांना लावण्यात आले. लॉस एंजेलिस पोलिसांच्या नोंदी घेऊन जॉर्ज मोहलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की एक घरफोडी झाली की पुढचे काही दिवस आसपासच्या घरांचा धोका वाढतो आणि मग हळूहळू उतरतो. भूकंपानंतरच्या धक्क्यांसारखाच.

हे पटायला लॉस एंजेलिसला जायला नको. समजा, शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा फुटबॉल सामना संपला आणि मंगळवार पेठेत मिरजकर तिकटीला दोन्हीकडच्या समर्थकांत बाचाबाची झाली. त्या रात्री आणि पुढचे दोन-तीन दिवस आसपास पुन्हा काही घडण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त. कोणाच्या भावाला लागले, कोणाची गाडी फोडली, कोणी मोबाइलवर स्टेटस ठेवले. आठवडाभरात सगळे थंड. गणित यालाच दोन तुकड्यांत मांडते. एक तुकडा कायमचा, म्हणजे त्या चौकातली गर्दी, रात्री उशिरापर्यंत चालू असलेली दुकाने, अंधारे कोपरे. दुसरा तुकडा तात्पुरता, म्हणजे कालच्या भांडणाची धग. दोन्हींची बेरीज म्हणजे आजचा धोका.

इथेच पहिली अडचण उभी राहते. एकाच घरात दोनदा चोरी झाली, तर त्याचे स्पष्टीकरण दोन प्रकारे देता येते. एक असे, की त्या घराचे मागचे दार मुळातच कच्चे आहे. कोणताही चोर तेच घर निवडील. दुसरे असे, की पहिल्या चोरीत चोराला घराची माहिती झाली, म्हणून तो परत आला. पहिले खरे असेल तर दार बदलायचे. दुसरे खरे असेल तर पुढचे काही दिवस गस्त वाढवायची. पोलिसांच्या वहीत मात्र दोन्ही प्रसंगी एकच ओळ दिसते: ‘त्याच घरात पुन्हा चोरी’. आकडे तेच, कारणे दोन, उपायही दोन. समीकरण कितीही देखणे असले तरी केवळ तारखा आणि पत्ते पाहून या दोहोंतले एक निवडणे फार अवघड असते. मधुमेह्याची जखम चिघळली, ती साखरेमुळे की रोज घासणाऱ्या चपलेमुळे, हे नुसत्या जखमेच्या फोटोवरून सांगण्याइतकेच अवघड.

हिंसा ‘लागते’ का?

करोनाच्या काळात ‘एक रुग्ण सरासरी किती जणांना आजार देतो’ हा आकडा घराघरात पोहोचला होता. तो एकपेक्षा जास्त असेल तर साथ वाढते, कमी असेल तर विझते. काही गणितींनी हेच चित्र गुन्ह्याला लावले. समाजाचे चार गट करायचे. गुन्ह्यात ओढले जाऊ शकणारे, ओढले गेलेले, तुरुंगात असलेले आणि बाहेर पडून सुधारलेले. एका गटातून दुसऱ्या गटात माणसे कोणत्या वेगाने जातात, याची समीकरणे मांडायची. त्यातून एक उपयोगी गोष्ट कळते. ओढले जाण्याचा वेग थोडा कमी केला तर होणारा फायदा, तुरुंगातली मुदत वाढवून होणाऱ्या फायद्यापेक्षा अनेकदा मोठा निघतो. विशेषतः बाहेर आलेल्या माणसाला काम मिळत नसेल आणि तो पुन्हा त्याच टोळक्यात जात असेल, तर.

गॅरी स्लटकिन हे साथरोगतज्ज्ञ आफ्रिकेत कॉलरा, क्षय आणि एड्सवर काम करून शिकागोला परतले, तेव्हा गोळीबारांच्या नकाशात त्यांना कॉलऱ्याचा नकाशा दिसला. २००० मध्ये त्यांनी तिथल्या वेस्ट गारफिल्ड पार्क भागात एक प्रयोग सुरू केला. त्याच वस्तीतली, तरुणांनी मान द्यावा अशी माणसे नेमली. भांडण पेटले की त्यांनी मध्ये पडायचे आणि बदल्याची साखळी तोडायची. काही ठिकाणी गोळीबार घटले, काही शहरांत फरक दिसला नाही. उपाय जादूचा नव्हता; पण दिशा आरोग्याची होती. शिक्षा होण्याची वाट न पाहता संसर्ग थांबवायचा.

कोल्हापूरच्या पेठांना हे परके वाटू नये. तालमीतली जाणती माणसे दोन पोरांना समोरासमोर बसवून भांडण मिटवतात, ते हेच काम. पण त्यातून नोंदीचा मोठा पेच तयार होतो. तालमीत मिटलेले भांडण पोलिसांच्या वहीत येतच नाही. ज्या गल्लीत मिटवणारी माणसे नाहीत, तिथले भांडण वहीत येते. संगणकाला दिसते ते एवढेच, की एका गल्लीत शून्य आणि दुसरीत पाच. प्रत्यक्षात भांडणे दोन्हीकडे पाचच असू शकतात.

पाऊस, दारू आणि शिसे

सामाजिक कारणे अनिश्चित असतात म्हणजे काय, हे तीन उदाहरणांतून नीट कळते.

पहिले पावसाचे. शीतल सेखरी आणि ॲडम स्टोरीगार्ड यांनी भारतातल्या जिल्ह्यांचा पाऊस आणि हुंडाबळीच्या नोंदी शेजारी ठेवल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले, की पाऊस नेहमीच्या सरासरीपेक्षा लक्षणीय कमी पडला त्या वर्षी हुंडाबळीच्या नोंदी सुमारे ८ टक्क्यांनी वाढल्या. पावसाचे उदाहरण मोलाचे का? कारण पाऊस कोणी ठरवून पाडत नाही. गरीब गाव आणि श्रीमंत गाव यांची तुलना केली तर शंभर गोष्टी वेगळ्या असतात. एकाच जिल्ह्याचे चांगले वर्ष आणि दुष्काळी वर्ष यांची तुलना केली, तर बाकी बरेचसे तेच राहते आणि पैशाची चणचण तेवढी वेगळी उठून दिसते. औषधाच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकून गट पाडतात, तसे इथे निसर्गाने गट पाडले. तरी साखळीतले मधले दुवे उरतातच. पीक बुडाले, कर्ज झाले, माहेरकडे मागणी वाढली की नवऱ्याची दारू वाढली? नुसता पाऊस हे सांगत नाही.

दुसरे उदाहरण दारूचे. महाराष्ट्रात वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. ‘बंदीने गुन्हे वाढले’ आणि ‘बंदीने गुन्हे घटले’ ही दोन्ही वाक्ये या वादात ठासून म्हटली जातात, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. बंदी आली की दारू विकणे हाच गुन्हा होतो. म्हणून अवैध विक्रीच्या नोंदी वाढणारच. दुसरीकडे घरातली मारहाण कमी होऊ शकते. बिहारमध्ये २०१६ साली बंदी आली. तिथल्या आणि शेजारच्या राज्यांतल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांची तुलना करून २०२४ मध्ये एका संशोधनगटाने अंदाज बांधला, की बंदीमुळे जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेची सुमारे २१ लाख प्रकरणे टळली. म्हणजे एकाच कारणातून दोन विरुद्ध दिशांचे बाण निघतात. ‘एकूण गुन्हे’ असा एकच आकडा समोर ठेवला, तर हे दोन्ही बाण एकमेकांना खाऊन टाकतात आणि ‘काही फरक पडला नाही’ असा निष्कर्ष निघतो.

तिसरे उदाहरण शिशाचे. मुलांच्या वाढत्या मेंदूवर शिसे वाईट परिणाम करते. बुद्धी, एकाग्रता आणि स्वतःला आवरण्याची ताकद कमी होते, याबद्दल वैद्यकात शंका नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून पेट्रोलमधले शिसे कमी झाले आणि १९९० च्या दशकात गुन्हे झपाट्याने घटले. शिसे न घेता वाढलेली पिढी वयात आली म्हणून गुन्हे घटले, अशी मांडणी पुढे आली आणि ती खूप गाजली. २०२२ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशोब झाला. मोठा परिणाम दाखवणारे अभ्यास जास्त छापले जातात, हा पक्षपात वजा केल्यावर असे दिसले, की अमेरिकेतल्या खुनांच्या घटीपैकी साधारण ७ ते २८ टक्के वाटा शिशाचा असू शकतो. कारण खरे, पण गाजावाजा झाला त्यापेक्षा लहान. भारतात पेट्रोलमधले शिसे २००० साली बंद झाले. तरी जुने रंग, बॅटरी फोडण्याच्या भट्ट्या आणि काही भांडी-मसाले यांतून ते मुलांपर्यंत पोहोचते. गुन्हे घटोत न घटोत, ते थांबवायलाच हवे.

७ ते २८! एवढा मोठा पल्ला पाहून कोणी नाराज होईल. पण प्रामाणिक गणित असेच बोलते. एकच ठाम आकडा सांगणारे गणित अनेकदा उरलेली शंका खिशात लपवून बसलेले असते.

झालेला गुन्हा आणि नोंदलेला गुन्हा

आतापर्यंतच्या अडचणी कारणांच्या होत्या. त्याहून खोल अडचण मोजमापाची आहे. थर्मामीटर बिघडलेला असेल तर तापाचा आलेख काढून उपयोग काय?

पंचायत राज्यात महिलांना आरक्षण मिळाल्यानंतर काय घडले, याचा अभ्यास लक्ष्मी अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. निष्कर्ष पहिल्या वाचनात धक्का देतो. आरक्षणानंतर महिलांवरील गुन्ह्यांच्या नोंदी ४४ टक्क्यांनी वाढल्या. महिला सरपंच आल्या म्हणून अत्याचार वाढले? नाही. तक्रार करण्याची हिंमत वाढली आणि पोलिसांनी ती लिहून घेण्याचे प्रमाण वाढले. आकडा वाईट झाला, परिस्थिती सुधारली. उलट बाजू राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसते. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली. बाकीच्यांचे दुःख कोणत्याच वहीत नाही. शिवाय एकाच प्रकरणात अनेक गुन्हे असतील, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजतो.

अशा नोंदींवर अंदाज बांधणारे यंत्र चालवले तर काय होते? हिशोब साधा आहे. मंगळवार पेठेत दोन कल्पित गल्ल्या घ्या, वरची आणि खालची. दोन्हींत महिन्याला १०० किरकोळ गुन्हे होतात, अगदी समसमान. पोलीस १० आहेत. जुन्या सवयीने ६ जण खालच्या गल्लीत, ४ वरच्या गल्लीत. प्रत्येक पोलिसाच्या नजरेस महिन्यात ५ गुन्हे पडतात. वहीत येते: खालची गल्ली ३०, वरची २०. पुढच्या महिन्यात यंत्र म्हणते, नोंदींच्या प्रमाणात पोलीस वाटा. पुन्हा ६ आणि ४. पुन्हा ३० आणि २०. वर्षभर हेच चालते. मूळ चूक कधीच दुरुस्त होत नाही. उलट दर महिन्याला ‘पुराव्याने’ सिद्ध होत जाते. आणि ‘जिथे जास्त तिथे आणखी दोघे पाठवा’ असा नियम केला, तर दोन महिन्यांत सगळे १० पोलीस खालच्या गल्लीत आणि वरच्या गल्लीत कागदोपत्री रामराज्य!

हे कल्पनेतले राहिलेले नाही. २०१६ मध्ये क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक यांनी ओकलंड शहराच्या अमली पदार्थांच्या नोंदी अशाच यंत्रात घालून पाहिल्या. सर्वेक्षणांवरून काढलेल्या अंदाजात अमली पदार्थांचे सेवन शहरभर पसरलेले होते. यंत्र मात्र पोलिसांना पुन्हा पुन्हा गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्यांतच पाठवत राहिले. असे यंत्र सुरुवातीलाच वापरणाऱ्या सांता क्रूझ शहराने २०२० मध्ये त्यावर बंदी घातली. लॉस एंजेलिस पोलिसांनीही त्याच वर्षी ते थांबवले.

हजेरी: सगळ्यात जुना अंदाज

जागेचा अंदाज एक वेळ समजू शकतो. माणसाचा अंदाज त्याहून धोक्याचा. का, ते डॉक्टरांच्या रोजच्या हिशोबाने पाहू.

एका शहरात १०,००० तरुण आहेत. त्यातले ५० जण पुढे गंभीर गुन्हा करणार आहेत. एक कमालीची हुशार चाचणी निघाली, असे मानू. ती गुन्हा करणाऱ्या १०० पैकी ९० जणांना ओळखते आणि न करणाऱ्या १०० पैकी ९० जणांना सोडते. ५० पैकी ४५ जण सापडले. उत्तम! पण उरलेल्या ९,९५० निरपराधांपैकी १० टक्के, म्हणजे ९९५ जणही यादीत आले. यादी झाली १,०४० जणांची आणि त्यात खरे फक्त ४५. म्हणजे यादीतल्या दर २३ जणांमागे २२ निरपराध. दुर्मीळ आजाराच्या चाचणीत नेमके असेच होते. पण तिथे दुसरी तपासणी करून रुग्णाला धीर देता येतो. पोलिसांच्या यादीत नाव आलेल्या पोराला धीर कोण देणार? शिकागोतल्या अशाच यादीची तपासणी २०१६ मध्ये झाली. यादीमुळे हिंसा घटल्याचे दिसले नाही. यादीतल्या लोकांना अटक होण्याची शक्यता मात्र वाढली. ती यादी २०१९ मध्ये बंद झाली.

आपल्याकडे तर अशी यादी संगणकाच्या कितीतरी आधी आली. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. चाचणीही लागली नाही. जात हीच चाचणी. सोलापुरात अशा लोकांना काटेरी तारांच्या आत ठेवले गेले. गावोगावी हजेरी होती. ठरावीक जातींच्या माणसांनी रोज पाटलापुढे किंवा चौकीवर जाऊन हजर असल्याचे दाखवायचे. हजेरीला जायचे तर लांबच्या गावी कामाला कसे जाणार? काम नाही तर पोट कसे भरणार? पोटासाठी काही उचलले, की ‘बघा, आम्ही म्हणत होतोच!’ अंदाजच गुन्हा घडवत होता आणि घडलेला गुन्हा अंदाजाचा पुरावा होत होता.

राजर्षी शाहू महाराजांनी ही साखळी नेमकी तिथेच तोडली. १९१८ मध्ये त्यांनी कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या जातींची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीला वसवले, घरे दिली आणि पहाऱ्याच्या कामावर नेमले. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा, त्यांच्याच हाती पहारा! त्याच्या आदल्या वर्षी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला होता. १९०२ मध्ये नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या होत्या. आजच्या गणिताच्या भाषेत सांगायचे, तर महाराजांनी त्या माणसांना ‘धोक्याचा गट’ न मानता धोका तयार करणारी परिस्थिती बदलली. काम, घर, शाळा आणि प्रतिष्ठा.

उर्वरित देशात तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. संशय मात्र कागदावरून गेला तरी मनातून गेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावलीतले जातीवर आधारलेले भेद रद्द करावे लागले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नये, असे पोलिसांना बजावावे लागले. आता विचार करा. शंभर-दीडशे वर्षांच्या अशा संशयातून तयार झालेल्या नोंदी नव्या यंत्राला शिकवायला दिल्या, तर ते काय शिकेल? त्याला जात सांगण्याचीही गरज नाही. पत्ता, आडनाव, वडिलांवरची जुनी केस, यातून ते हजेरीचा कागद पुन्हा तयार करील. फरक एवढाच, की पाटलाशी वाद घालता येत होता.

कॅज्युअल्टीतली वही

मग गणित टाकून द्यायचे का? अजिबात नाही. प्रश्न बदलायचा. ‘कोण गुन्हा करील?’ हा प्रश्न सोडून ‘कुठे, केव्हा आणि कशाने माणसे जखमी होतात?’ हा प्रश्न विचारायचा. याचे उत्तम उदाहरण एका शल्यचिकित्सकाने घालून दिले आहे.

ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड हे जबड्याच्या आणि चेहऱ्याच्या जखमांवर शस्त्रक्रिया करत. मारामारीत चेहरा फुटून येणाऱ्यांपैकी बहुतेकांची पोलिसांत नोंदच नसते, हे त्यांच्या लक्षात आले. मग रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर चार साधे प्रश्न विचारायला सुरुवात झाली: नेमके कुठे घडले, कधी, कशाने मारले, किती जण होते. नाव-गाव काढून टाकून ही माहिती दरमहा पोलीस आणि नगरपालिकेपुढे ठेवली जाई. त्यावरून गस्तीच्या वेळा, दारूच्या ठिकाणांवरची देखरेख, रस्त्यांची मांडणी असे छोटे बदल झाले. हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण कार्डिफमध्ये महिन्याला दर लाख लोकांमागे ७ वरून ५ वर आले. त्याच काळात तुलनेच्या १४ शहरांत ते ५ वरून ८ वर गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा फरक ४२ टक्क्यांचा मांडला. कोणाचेही नाव यादीत न घालता!

आपल्या सरकारी रुग्णालयांत याचा पाया तयारच आहे. मारहाणीतला जखमी सीपीआरसारख्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आला, की एमएलसी नोंद होते आणि पोलीस चौकीला वर्दी जाते. ती नोंद न्यायालयासाठी असते. तिच्यातून नावे वगळून ‘ठिकाण, वेळ, वस्तू’ एवढे तीन रकाने महिन्याला बेरजेत मांडले, तर शहराला स्वतःचा नकाशा मिळेल. पोलिसांच्या वहीला तपासून पाहणारी ती दुसरी, स्वतंत्र वही ठरेल. दोन थर्मामीटर वेगळे आकडे दाखवू लागले, की निदान एक बिघडला आहे, हे तरी कळते.

अर्थात हाही थर्मामीटर निर्दोष नाही. ‘जिन्यावरून पडले’ असे सांगणाऱ्या बाईच्या हातावर वार अडवताना मोडते तसे मनगटाच्या वरचे हाड मोडलेले असते. अंगावर काही वळ ताजे, काही पिवळे पडलेले असतात. नवरा शेजारीच उभा असतो आणि उत्तरे तोच देत असतो. अशा वेळी नवऱ्याला केसपेपर काढायला पाठवून बाईशी दोन मिनिटे एकटीने बोलणे, ही मोजमापाची सर्वांत महत्त्वाची पायरी ठरते. ती पायरी चुकली, तर पुढचे कोणतेही समीकरण ती चूक भरून काढू शकत नाही.

म्हणून गुन्ह्यांचा अंदाज सांगणारे कोणतेही यंत्र, अहवाल किंवा भाषण समोर आले, की चार प्रश्न जरूर विचारावेत. हा झालेल्या गुन्ह्यांचा आकडा आहे की नोंदलेल्या? अंदाज जागेचा आहे की माणसाचा? अंदाज चुकला तर किंमत कोण मोजणार आणि चूक दुरुस्त कशी होणार? आणि अंदाज बरोबर आला, तर तिथे फक्त पोलीस जाणार, की दिवा, शाळा, काम आणि व्यसनमुक्तीचा दवाखानाही जाणार? डॉक्टर आजाराचा अंदाज बांधतो, तो रुग्णाला वाचवण्यासाठी. गुन्ह्याच्या गणिताकडूनही समाजाने तेवढीच अपेक्षा ठेवावी आणि त्यापेक्षा कमीवर समाधान मानू नये.